लोड घेऊ नका

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरात सगळ्यात जास्त ऐकलं जायचं ते माझ्या दाढेचं. माझं नव्हे, दाढेचं. मी काही बोलले की विलासराव आधी फोनकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. फोनवरचा ठिपका हिरवा असला तर माझं म्हणणं हसण्यावारी न्यायचे, पिवळा झाला तर मान डोलवायचे आणि लाल झाला तर जे असेल ते कबूल करून मोकळे व्हायचे. इतकी वर्षं संसार केला, पण माझ्या मनात काय चाललंय हे कळायला माझ्या नवऱ्याला एक स्क्रू लागला. तोही वरच्या जबड्यात, डाव्या बाजूला, सायनसच्या खाली.

मी नीलांबरी. सांगलीच्या एका पॉलिटेक्निकात आयुष्यभर तुळयांवरचा भार शिकवला. ‘लोड’ हा शब्द मी फळ्यावर जितक्या वेळा लिहिला असेल, तितक्या वेळा स्वतःचं नावही लिहिलं नसेल. माझ्या दृष्टीनं लोड म्हणजे एक बाण आणि त्याच्या शेजारी एक आकडा. माझ्या सासऱ्यांच्या दृष्टीनं लोड म्हणजे पाठीशी घ्यायची गादीची गुंडाळी. आणि माझा मुलगा तन्मय कॉलेजात गेल्यापासून ऊठसूट म्हणतो, "आई, लोड घेऊ नकोस." या एका शब्दानं मला किती छळायचं ठरवलं होतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

माझी वरची मागची दाढ पडून बरीच वर्षं झाली होती. खालची दाढ पडली तर एक वेळ चालतं. वरची पडली की तिच्यामागे वेगळंच राजकारण सुरू होतं. गालाच्या हाडात, नाकाच्या बाजूला एक पोकळी असते, तिला सायनस म्हणतात. दाढेची मुळं खाली आहेत तोवर ती आपल्या जागी असते. मुळं गेली की तिथलं हाड बेकार होतं. ज्याला काम नाही त्याला शरीर कशाला पोसेल? हाड विरघळत जातं आणि ती पोकळी खाली खाली उतरते, शेजाऱ्यानं आपल्या रिकाम्या परसात हळूहळू कुंपण सरकवावं तशी. डॉ. आरवाडेंनी मला स्कॅन दाखवला तेव्हा पोकळी आणि तोंड यांच्यामध्ये नखाएवढं हाड उरलं होतं. त्यांनी पोकळीचं अस्तर अलगद वर उचललं, खाली हाडाची पूड भरली आणि त्यात स्क्रू बसवला.

पूर्वी यानंतर अर्धं वर्ष त्या स्क्रूला कोणी हात लावत नसत. आता नव्या तऱ्हेची दाढ आली होती. तिच्यामागचा विचार मला एकदम पटला, कारण तो माझ्याच विषयातला होता. पोलादावर पुन्हा पुन्हा भार टाकला की ते थकतं. हाडावर टाकला की ते शिकतं. बेतानं भार दिला तर नवं हाड स्क्रूला मिठी मारतं. अजिबात दिला नाही तर आळसावतं. आणि एकदम जास्त दिला तर स्क्रू केसाच्या जाडीइतका हलतो, आणि तेवढं हलणंही पुरतं. मग हाडाऐवजी भोवती चामट मांस धरतं, स्क्रू कधीच पक्का होत नाही आणि नशीब फुटकं असेल तर सरळ वर पोकळीत निसटतो. म्हणून या दाढेच्या स्क्रू आणि कॅपच्या मध्ये एक बारीक चकती होती. दाबलं की तिच्यात वीज तयार व्हायची, त्या विजेवरच ती भार मोजायची आणि फोनला कळवायची. कॅप सुरुवातीला खालच्या दाताला जेमतेम टेकायची. ती आपली आपण दर आठवड्याला किंचित खाली यायची आणि थोडं जास्त काम अंगावर घ्यायची. भार हद्दीबाहेर गेला की माझ्या कवटीत भुंगा गुणगुणायचा. तो फक्त मला ऐकू यायचा. घरच्यांच्या फोनवर मात्र लाल ठिपका पेटून सायरन व्हायचा, कारण माणूस दात आवळतो ते त्याचं त्याला कळत नाही, दुसऱ्यानं येऊन सांगावं लागतं.

"संक्रांतीला खुशाल तिळगूळ खा, मॅडम," डॉक्टर म्हणाल्या. "तोवर नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची आणि मुख्य म्हणजे लोड घ्यायचा नाही."

विलासराव आणि तन्मय दोघंही शेजारी बसले होते. दोघांनीही ऐकलं, आणि दोघांनीही त्या शब्दाचा आपल्याला सोयीचा अर्थ घरी नेला.

*

पहिल्या लाल ठिपक्याला मी निरपराध होते. माझा जुना ड्रॉइंग बोर्ड हॉलच्या कोपऱ्यात उभा असतो. तन्मय म्हणाला, "आई, हा माळ्यावर टाकूया, इथे मोठा पडदा लावता येईल." मी काहीच बोलले नाही. मी असं काही ऐकलं की गप्प राहते. सगळ्यांना वाटतं, सोशिक आहे. पण कवटीत भुंगा वाजला आणि बापलेकांचे फोन एकदम किंचाळले. मी दात-ओठ खातेय, हे उभ्या आयुष्यात पहिल्यांदा पुराव्यासकट सिद्ध झालं. बोर्ड जागेवर राहिला. तन्मय पाण्याचा ग्लास घेऊन धावत आला.

मग मला चटक लागली, हे कबूल करायला हवं. विलासरावांच्या मित्रांबरोबर दापोलीला जायचं ठरत होतं. मी शांतपणे दाढ दाबली. दापोली रद्द. संध्याकाळच्या बातम्यांऐवजी मला गाणी ऐकायची होती, दाबली दाढ. गाणी लागली. जीभ झिजवून जे मिळालं नव्हतं ते जबडा दाबून मिळायला लागलं. दाबायची तीही बेतानं, एकदाच. मी भार शिकवलेली बाई आहे, तुळई कुठवर ताणायची ते मला कळतं, असा माझा समज होता.

घरात एकाच माणसाला माझ्या दाढेची भीती नव्हती, आणि ते माणूस घरात नव्हतं. अक्का, माझी थोरली बहीण. गडहिंग्लजला मुलाकडे राहते. आम्ही दोघी रोज दिवेलागणीला फोनवर भांडायचो. भांडणाला विषय लागतो असं नाही, पण आमचा एक ठेवणीतला विषय होता. नवरात्रात देवीवर टांगायच्या फुलोऱ्याला कडाकण्या, म्हणजे कडक गोड पुऱ्या, करतात. तर आमची आई कडाकण्यांचं पीठ गुळाच्या पाण्यात भिजवायची की साखरेच्या? मी म्हणते गुळाच्या. अक्का म्हणते साखरेच्या. आई जाऊन जमाना झाला, पण हा खटला आम्ही निकाली निघू दिला नव्हता.

"दाढ बसवलीस का पोलिसांची गाडी बसवलीस गं?" माझ्या फोनवरून मागचा सायरन ऐकून अक्का म्हणायची. "तुझ्या दाढंला विचारून बोलायचं व्हय मी आता? साखरच होती. वाजव तुझा भोंगा."

पुढच्या तपासणीला डॉ. आरवाडेंनी आलेख उघडला. सपाट माळरान आणि दर संध्याकाळी एक डोंगर.

"मॅडम, दिवेलागणीला तुम्ही काय खाता?"

"काही नाही. बहिणीशी बोलते."

डॉक्टर हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. आता कॅप खालच्या दाताला पुरती टेकायला लागली होती. हा काळ सगळ्यात कच्चा. "तेवढं थोडं थांबवा," त्या म्हणाल्या. "हे गेलं तर दुसऱ्यांदा बसवायला तुमच्याकडे हाड नाही."

मी त्याच संध्याकाळी अक्काला सांगितलं, "दाढ बसेपर्यंत फोन करू नकोस. मला झेपत नाही."

तिनं विचारलं, "आणि बसली की?"

"बसली की मीच करीन. मग भांडू पोटभर."

"बघ हं. मी काय बोलायची न्हाई. बसली का, एवढंच इचारीन."

शब्दाला जागणारी बाई. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला व्हिडिओ कॉल आला. मी स्वयंपाकघरात होते. पडद्यावर अक्काचा भला मोठा चेहरा, ओठ घट्ट मिटलेले. तिनं डाव्या गालावर दोनदा बोट मारलं आणि भुवया उडवल्या. बसली का? मी मान हलवली. नाही. तिनं फोन ठेवला. मग हे रोजचंच झालं. गालावर दोनदा बोट, भुवया, माझी मान, संपलं. विलासरावांना यातलं काही माहीत नव्हतं. ठिपका हिरवा असायचा; त्यांनी चौकशी करायचं कारणच नव्हतं.

*

घर हळूहळू मऊ होत गेलं. आधी जेवण मऊ झालं: गुरगुट्या भात, खिमट, शिरा, दुधात भिजवलेली पोळी. मग बोलणं मऊ झालं. लोक तिळगूळ घेऊन गोड बोलतात. आमच्याकडे तिळगुळाआधीच सुरू झालं. विलासराव सकाळी पेपर वाचून दाखवायचे आणि मध्येच दोन पानं उलटायचे. मी म्हटलं, "काय गाळलंत?" तर म्हणाले, "जाहिराती." तन्मयचा चेहरा उतरलेला दिसला म्हणून विचारलं, तर म्हणाला, "काही नाही गं आई, मस्त चाललंय. तू लोड घेऊ नकोस." खालच्या मजल्यावरच्या देसाईबाई घर सोडून गेल्या, हे मला गॅलरीत त्यांची तुळस दिसेना तेव्हा कळलं.

मी चिडले असते, पण चिडायची सोय कुठे होती? चिडलं की भुंगा, भुंग्याबरोबर सायरन, सायरनबरोबर दोन गोड चेहरे आणि पाण्याचा ग्लास. म्हणजे माझा राग हा रागच राहिला नव्हता, ते लक्षण झालं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही म्हण मी ऐकली होती. मला तोंड दाबून शिऱ्याचा मार पडत होता. आणि दापोलीसाठी, गाण्यांसाठी मीच ती घंटा वाजवून ठेवली होती. आता खरी कुठली आणि खोटी कुठली, हे माझ्या नवऱ्याला कसं कळावं? मला गुदमरायला व्हायचं. रात्रंदिवस गोड बोलणाऱ्या दोन माणसांच्या घरात मी एकटी पडले होते.

डॉक्टरांना फोन करून विचारलं, "घरच्यांचे सायरन बंद करता येतील का?"

"येतील की. पण कच्च्या काळात नको, मॅडम. झोपेत आवळले तर उठवणार कोण?"

बरोबर होतं. सगळ्यांचं सगळं बरोबरच होतं. माझ्या विषयात एक साधी गोष्ट पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात: जी तुळई कुठलाच भार घेत नाही, ती इमारतीचा भाग नसते. ती काढून घेतली तरी इमारतीला पत्ता लागत नाही. हे मी कितीदा तरी शिकवलं होतं. या घरात बसून ते पहिल्यांदा कळलं.

घट बसायच्या थोडं आधी अक्काचा कॉल येणं थांबलं. दोन संध्याकाळी मी फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. तिसऱ्या दिवशी विलासरावांना विचारलं.

ते शिरा ढवळत होते. "अगं, सुजयचा फोन होता," ते म्हणाले. सुजय म्हणजे अक्काचा मुलगा. "अक्कानं यंदा मौन धरलंय. नवरात्रभर. फोनही हातात घेत नाही म्हणाला."

"अक्कानं? मौन?"

"हो ना. मलाही हसू आलं."

मला खरंच हसू आलं. अक्का आणि मौन म्हणजे मांजराची एकादशी. पण अक्का हट्टी आहे; एका नवरात्रात ती अनवाणी राहिली होती आणि एका नवरात्रात तिनं चहा सोडला होता. धरलं असेल, म्हटलं. माझ्यामुळे बोलणं सुटलंच होतं, तर त्याचं व्रत करून टाकलं असेल. हिशेबी बाई आहे.

*

सातव्या माळेला डबा आला. अक्काकडून दर वर्षी कडाकण्यांचा डबा येतो. गोल कडाकण्या, आणि खास माझ्यासाठी पिठाचीच एक वेणी आणि एक फणी, देवीच्या फुलोऱ्यात असतात तशी. अक्काच्या कडाकण्या म्हणजे आमच्या घरातला जुना विनोद. विलासराव त्यांना फरशी म्हणतात. लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात त्यांच्या दाताचा टवका उडाला होता, तो त्यांनी आयुष्यभर माझ्या माहेरच्या नावावर मांडला.

डबा उघडला. वेणी होती, फणी होती. माझे डोळे भरून आले. "अक्कानं धाडल्यात बघ," विलासराव म्हणाले. "चहात बुडवून खा हं. अगदी सावकाश."

मी बुडवली नाही. एक कडाकणी घेतली आणि चोरासारखी डाव्या बाजूला सरकवून, भुंग्याची वाट बघत, हळूच दाबली.

भुंगा वाजला नाही. कडाकणी विरघळली. तोंडात ठेवलेल्या नानकटाईसारखी भुसभुशीत होऊन जिभेवर पसरली.

मी दुसरी घेतली. फणीचा दात मोडून खाल्ला. तोही तसाच. विलासरावांच्या हातातल्या फोनवर ठिपका हिरवागार होता.

"या कुणी केल्या?" मी विचारलं.

"अक्कानं."

"अक्काच्या कडाकण्या मऊ?"

विलासराव फोनकडे बघत होते. मी त्यांच्या समोर उभी होते आणि ते माझ्याकडे न बघता त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत होते, तो कधी लाल होतो याची वाट बघत.

"फोन खाली ठेवा."

"नीला, आधी तू बस बघू. दीर्घ श्वास घे."

"अहो, तो फोन खाली ठेवा आणि माझ्याकडे बघून सांगा."

त्यांनी फोन खाली ठेवला, पण उलटा नाही, सुलटाच. मग सांगितलं. घट बसायच्या आदल्या दिवशी अक्काला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जीव वाचला, पण दवाखान्यातच आहे. कडाकण्या त्यांनी इथल्याच बचत गटाच्या बायकांकडून करून घेतल्या. वेणी-फणीची आठवण ठेवून सांगितली. आणि जाता जाता म्हणाले, जरा मऊसूत करा हं, आमच्या मंडळींची दाढ कच्ची आहे.

"मौन म्हणालात."

"दुसरं काय म्हणणार होतो? बोलत नाहीये, एवढं तरी खरं होतं."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. मिटेना. दातावर दात टेकलाच नाही. माझी बहीण आठवडाभर मुकी होऊन पडली होती आणि मी शिरा खात होते. आयुष्यात माझ्यावर इतका भार कधी पडला नव्हता, आणि टेबलावर ठिपका हिरवा होता. विलासरावांनी तो बघितला आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं.

"बघ," ते म्हणाले, "घेतलंस की तू शांतपणे. उगाच घाबरलो मी."

त्या हसण्यानं मला जे झालं ते कुठल्याही चकतीत मावलं नसतं. "गाडी काढा," मी म्हणाले.

"नीला, कच्चा काळ आहे. डॉक्टर म्हणाल्या—"

"गाडी काढा, नाहीतर मी एसटीनं जाते."

*

गाडी आपली आपण चालत होती. कोल्हापूर मागे पडलं. विलासराव स्टिअरिंगवर उगाचच हात ठेवून बसले होते. माझा राग दवाखान्यापर्यंत पुरेल इतका होता, पण कागलच्या पुढे मला एक गोष्ट सांगावीशी वाटली.

"दापोलीच्या वेळी मी मुद्दाम दाबली होती."

"माहीत होतं."

"आणि गाण्यांच्या वेळी?"

"तेही."

"मग ऐकलंत कशाला?"

"मुद्दाम दाबली तरी दाढ तीच ना. स्क्रूला थोडंच कळतंय?" मग म्हणाले, "दापोलीसाठी तू जबडा पणाला लावत होतीस. अक्काचं सांगितलं असतं तर काय केलं असतंस? मला वाटलं, दाढही जाईल आणि तूही. मी घाबरट माणूस आहे, नीला. ठिपक्याकडे बघायला सोपं जातं."

मला त्यांचा राग आला होता आणि कीवही आली. त्यांनाही या दाढेनं कोंडलं होतं. त्या कोठडीची एक भिंत मीच बांधली होती, हे मला नाकारता येईना.

दवाखान्यात सुजय जिन्यापाशी उभा होता. मला बघून त्याचा चेहरा पडला, मग त्यानं तो घाईघाईनं हसरा केला. त्यालाही कुणीतरी पढवलं होतं.

"मावशी, तू कशाला आलीस? तुझी दाढ... बस ना, खुर्ची आणतो. आई एकदम छान आहे हं."

"सुजय, खरं सांग."

त्यानंही आधी विलासरावांच्या खिशातल्या फोनकडे बघितलं. मग त्याचा बांध फुटला. "काही कळत नाही गं तिला काय हवंय ते. डोकं जाग्यावर आहे म्हणतात डॉक्टर, पण एक शब्द येत नाही. आणि त्यात तिचा दात दुखतोय. कुणी खोलीत आलं की सारखी गालावर बोट मारते. डेंटिस्टला बोलावलं, तो म्हणाला दात ठणठणीत आहेत. दुखायची गोळी दिली तर थुंकून टाकते. परत गालावर बोट."

"कुठल्या गालावर?"

"डाव्या."

"किती वेळा?"

सुजय गोंधळला. "दोनदा. दर वेळी दोनदा. का गं?"

गेला आठवडाभर माझी बहीण येईल त्या माणसाला, नर्सला, डॉक्टरला, झाडूवालीला एकच प्रश्न विचारत होती. तिची वाचा गेली होती, पण ती दिलेला शब्द विसरली नव्हती. मी काय बोलायची न्हाई. बसली का, एवढंच इचारीन. आणि तिला उत्तर म्हणून लोक दुखायच्या गोळ्या देत होते.

*

खिडकीशी तिची खाट होती. उजवी बाजू खाली ओघळलेली, केस कुणीतरी चुकीच्या बाजूला विंचरलेले. मला बघितलं आणि तिचा डावा हात पांघरुणातून बाहेर आला. बोट वर गेलं. डाव्या गालावर दोनदा. भुवई एकच उडाली. दुसरी ऐकत नव्हती.

बसली का?

रोजच्यासारखी मान हलवणं सोपं होतं. खरं उत्तर तेच होतं. संक्रांत लांब होती, हाड कच्चं होतं आणि दुसऱ्यांदा बसवायला माझ्याकडे हाड नव्हतं. मी हे सगळं जाणत होते आणि मला भीती वाटत होती, हेही सांगते.

मी खाटेच्या कडेला बसले, तिचं ते बोट धरलं आणि माझ्या डाव्या गालावर ठेवलं, दाढेच्या बरोबर वर. मग दात मिटले आणि दाबले. दापोलीसाठी दाबले होते तसे बेतानं नव्हे; होतं नव्हतं तेवढं बळ लावून दाबले. कवटीत भुंगा उठला. गालाचा स्नायू तिच्या बोटाखाली टणक झाला. विलासरावांच्या खिशात सायरन किंचाळायला लागला, पलीकडच्या खाटेवरची बाई दचकून उठून बसली, नर्स दारात आली.

अक्काला तो भोंगा ओळखीचा होता. तिचे डोळे विलासरावांच्या खिशाकडे गेले, मग माझ्याकडे आले, आणि तोंडाची डावी बाजू हसली.

"बसली," मी म्हणाले. "बसली, अक्का. आता भांड."

तिनं तोंड उघडलं. घशातून एक घरघर आली आणि तिथेच अडकली. तिनं पुन्हा प्रयत्न केला. ओठ वेडावाकडा झाला, डोळ्यांत पाणी आलं, शब्द आला नाही. सुजय पुढे झाला. "मावशी, नको गं, तिला त्रास होतोय, तिला लोड—"

"येऊ दे," मी म्हणाले. "तिला आणि मला, दोघींनाही येऊ दे."

आणि तिला सुरुवात करता येत नव्हती म्हणून मीच केली.

"आई कडाकण्यांचं पीठ गुळाच्या पाण्यात भिजवायची," मी म्हणाले.

अक्का माझ्याकडे बघत राहिली. मग उशीवर तिचं डोकं हललं. आधी जरासं, मग जोरात. इकडून तिकडे, तिकडून इकडे. नाही. नाही. नाही.

"गुळाच्याच," मी दात-ओठ खाऊन म्हणाले.

विलासरावांनी खिशातून फोन काढला. माझ्याकडे बघितलं, ठिपक्याकडे नाही. त्यांनी तो बंद केला आणि बसायला स्टूल ओढलं.